चकचकीत मुठीची सुरी हातातून सटकते, आणि घासून दिली तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच

मूठ देखणी आहे, धारही झकास आहे, पण हात ओला झाला की सुरी हातात राहत नाही. धार लावायला येणाऱ्या सुऱ्यांबरोबर ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. मी पॉलिश पेपर मारून मूठ खरखरीत करून द्यायचो. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि दोन-अडीच महिन्यांनी तीच सुरी परत यायची. "भाऊ, पहिल्यासारखीच निसटायला लागली बघा." आधी मी जास्त जोरानं घासून द्यायचो, मग जाड नंबरचा पेपर वापरून बघितला. दुखणं परत यायचंच. ते का परत येतं हे कळायला मला बराच काळ लागला. जे कळलं ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न नुसता सोयीचा नाही, बोटांचा आहे.

रत्नागिरीत आमच्या शेजारच्या काकू घरगुती खाणावळ चालवतात. त्यांच्या भाच्यानं त्यांना एक सुरी भेट दिली होती. सहा इंची पातं, दोन्ही बाजूंना शिसवीच्या पट्ट्या, तीन पितळी रिव्हेट. मूठ अशी घोटलेली की खिडकीचं प्रतिबिंब दिसावं. सुरमई कापेपर्यंत ठीक चाललं. मग तारलीचे दिवस आले. तारलीचं तेल हाताला लागलं, त्यावर पाणी पडलं आणि खवलं काढून पोट फाडताना काकूंचा हात मुठीवरून पुढे सरकला. तर्जनी थेट पात्याच्या टाचेवर गेली. तीन टाके पडले. बोट बरं झाल्यावर त्यांनी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "फेकवत नाही रे, आणि वापरवतही नाही."

आपल्या आज्यांना हा प्रश्न पडला नाही, कारण त्या विळीवर कापायच्या. विळी पायाखाली दाबलेली, मासा दोन्ही हातांत. पातं जागचं हलत नाही, मूठ धरायची नाहीच. कोयत्याला मूठ असते, पण ती कुणी आरशासारखी घोटत नाही, तासून थोडी घासली की कामाला लागते. चकचकीत मूठ ही दुकानाच्या काचेसाठी केलेली असते. हाताला ती कशी वागते हे नंतर कळतं.

आधी एक गैरसमज काढू. गुळगुळीत म्हणजे निसरडं, हे नेहमीच खरं नसतं. स्वच्छ कोरडं बोट काचेवर दाबून ओढा. अडखळत, कुरकुरत जातं. कोरड्या हातात चकचकीत मूठ चांगली बसते, म्हणूनच दुकानात हातात घेतल्यावर काही खटकत नाही. गोची होते ती मध्ये पाणी किंवा चरबी आली की. बोट आणि मूठ यांच्यामध्ये पातळ थर अडकतो आणि त्याला बाहेर पडायला वाटच नसते. गोटा झालेल्या टायरसारखं आहे हे. असा टायर उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पळतो, पण पहिल्या पावसात घाटात गाडी घसरते. टायरवरच्या खाचा पाणी बाजूला काढण्यासाठी असतात. मुठीलाही तशाच वाटा लागतात.

आता आकडे बघा, म्हणजे पेपर मारून काम का भागत नाही ते लक्षात येईल. २००० नंबरच्या पेपरवरचा कण साधारण ०.०१ मिलिमीटरचा असतो, ६०० नंबरचा ०.०२६ चा आणि २२० नंबरचा सुमारे ०.०७ मिलिमीटरचा. त्यानं पाडलेला ओरखडा कणापेक्षाही उथळ असतो. उलट आपल्या बोटांच्या ठशांमधल्या रेषा एकमेकींपासून साधारण अर्ध्या मिलिमीटरवर असतात. म्हणजे मुठीवरचे ओरखडे आपल्या कातडीच्या मानाने फारच बारीक आहेत. नुसत्या घामाला आणि पाण्याला ते पुरतात. तारलीचं किंवा मटणाच्या चरबीचं बोट लागलं की ते एका दुपारीत भरून जातात, आणि भरलेला ओरखडा म्हणजे पुन्हा गुळगुळीत मूठ.

हे झालं एक कारण. दुसरं कारण तुमचा स्वतःचा हात. जात्याचा खुंटा कुणी पॉलिश केलेला नसतो, पण पिढ्यानपिढ्या दळून तो काचेसारखा होतो. खरखरीत केलेल्या मुठीवरची बारीक टोकं तळहाताच्या घासण्यानं अशीच झिजतात आणि दबतात. रोज दोन-तीन तास सुरी चालत असेल तर ही झीज काही आठवड्यांतच जाणवते. तिसरं कारण मला सगळ्यात उशिरा सापडलं. सुरी घरी नेल्यावर बरेच जण मुठीला प्रेमानं खोबरेल किंवा शेंगदाणा तेल चोळतात. लाकूड तजेलदार दिसावं ही भावना चांगली आहे. पण ही तेलं लाकडावर सुकून घट्ट होत नाहीत. ती तशीच राहतात, खवट होतात, धूळ धरतात आणि ओल्या हाताखाली निसरडी होतात. काकूंनीही हेच केलं होतं. मी घासून दिलेल्या मुठीला त्या दर रविवारी खोबरेल लावत होत्या, आणि मी मात्र पेपरचा नंबर बदलत बसलो होतो.

म्हणून आता माझ्याकडे सुरी आली की पेपर हातात घेण्याआधी मी तीन गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट धार. बोथट सुरीला जोर जास्त लागतो, आणि जोर जितका जास्त तितका हात पुढे सरकण्याचा धोका मोठा. आधी धार लावून घ्या आणि मग मूठ पुन्हा तपासा. काही वेळा तक्रार इथेच संपते.

दुसरी गोष्ट स्वच्छता. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. रिव्हेटभोवती आणि पट्टी जिथे लोखंडाला टेकते त्या सांध्यात नीट घासा. मूठ पाण्यात भिजत मात्र ठेवू नका. पट्ट्या बहुतेक वेळा अराल्डाइटसारख्या दोन भागांच्या चिकटद्रव्यानं बसवलेल्या असतात. लाकूड पाणी पिऊन फुगलं किंवा कडकडीत गरम पाणी लागत राहिलं की तो जोड सुटायला लागतो. नुसत्या धुण्यानंच जुनी पकड परत आल्याचं मी पाहिलं आहे, विशेषतः कापडी मायकार्टाच्या, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेल्या कापडाच्या मुठींवर.

तिसरी गोष्ट, हात नेमका कुठे सरकतो. पातं जाड पुठ्ठ्यात घालून चिकटपट्टीनं घट्ट बांधा. मुठीवर तर्जनी जिथे येते तिथे कागदी टेपची बारीक पट्टी लावा. साबणाच्या पाण्यानं हात ओला करा, सुरी नेहमीसारखी धरा आणि बांधलेलं टोक लाकडी पाटावर हळूहळू दाबा. बोट टेपच्या पुढे गेलं तर हात पुढे सरकतो आहे. मूठ तळहातात कुशीवर वळली तर गोष्ट वेगळी. पहिल्याला आडव्या खाचा किंवा पुढचा अडसर लागतो. दुसऱ्यात चूक आकाराची असते आणि कितीही खरखरीत केलं तरी ती जात नाही. ही चाचणी मोकळ्या पात्यानं कधीही करू नका.

आकाराचं बोलायचं तर बाजारातल्या बऱ्याच सुऱ्यांची मूठ म्हणजे दोन सपाट पट्ट्या, फक्त कडा किंचित गोल केलेल्या. सपाट बाजू तळहातात पकडता येत नाही, मग ती फिरते. मूठ आडवी कापून बघितली तर ती अंड्यासारखी हवी, पाठीकडे जरा अरुंद आणि पोटाकडे भरलेली. मधल्या बोटाखाली हलकं पोट आणि करंगळीमागे थोडा खाली वळलेला आकडा असला की ओल्या हातातही सुरी आपली जागा सोडत नाही. पट्टीची जाडी सात-आठ मिलिमीटर असेल तर कानशीनं एवढा आकार देता येतो. पाच मिलिमीटरच्या पट्टीत तो खेळ करू नका. रिव्हेटची डोकी उघडी पडतील आणि पट्टी कमजोर होईल.

पट्टी कशाची आहे हे ओळखणं त्यानंतरचं. पाण्याचा थेंब मुठीवर ठेवा. मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर वर मेलामाइन, लाख किंवा पॉलियुरेथेनचा थर आहे. हळूहळू पसरून लाकूड गडद झालं तर लाकूड उघडं आहे किंवा त्यावर पातळ तेल आहे. थर असेल तर पकड लाकडाची नसून थराची आहे, आणि तो थर पूर्ण काढल्याशिवाय पुढचं कोणतंही काम टिकत नाही. वरवर घासून अर्धा थर ठेवला की तो पाण्यानं सुटून चट्ट्याचट्ट्यांनी निघतो. मूठ निसरडी राहते ती राहते, वर कळकट दिसते.

कापडी मायकार्टा ओळखणं सोपं आहे. कडेला बारीक विणीचे थर दिसतात. फिनॉलच्या रेझिनमध्ये भिजवलेलं कापड किंवा कागद उष्णतेनं दाबून ही वस्तू बनते. अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीनं १९१० च्या आसपास विजेच्या कामासाठी ती आणली. आपल्याकडे याच कुळातली शीट इलेक्ट्रिक पॅनेलच्या दुकानात हायलम म्हणून मिळते, आणि तिच्या तुकड्यांपासून मी मुठी केल्या आहेत. जी-टेन मात्र काचेच्या धाग्यांची आणि इपॉक्सीची असते. ती जास्त कडक आणि जड लागते आणि घोटली की काचेसारखी चमकते.

इथे थांबून सुरक्षेचं सांगतो, आणि हे कृपा करून वाचून सोडून देऊ नका. पातं पुठ्ठ्यात बांधूनच काम करा. सुरी शिकंज्यात धरायची तर जबड्यांना चामड्याचे तुकडे लावा. मायकार्टा आणि जी-टेनची धूळ फुप्फुसांना वाईट, त्यात जी-टेनच्या धुळीत काचेचे धागे असतात. ती कोरडी घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरनं घासा, एन-९५ मास्क लावा आणि चिखल ओल्या फडक्यानं पुसून घ्या. झाडूनं झाडलात तर तीच धूळ घरभर फिरेल. शिसवीची धूळही अनेकांना त्रास देते, शिंका येतात, अंगावर पुरळ उठतं. मी शिसवीचं काम अंगणातच करतो.

आता प्रत्यक्ष काम. लाकडी मूठ असेल तर १२० नंबरनं थर काढा आणि २२० वर थांबा. हे थांबणं जिवावर येतं. हात सरावानं ४०० कडे, ६०० कडे जातो, कारण प्रत्येक पुढच्या नंबरनं लाकडाच्या रेषा उजळत जातात. पण आपल्याला पकड हवी आहे. २२० झाल्यावर ओल्या फडक्यानं मूठ पुसा आणि पूर्ण सुकू द्या. लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात, हाताला गालावरच्या खुंटासारखं लागतं. फर्निचरवाले हे उभे राहिलेले तंतू पुन्हा घासून काढतात. मुठीवर ते निम्मेच घासायचे. जुन्या २२० च्या तुकड्यानं, हलक्या हातानं, दोन-तीन फेऱ्या. टोचणं जातं, पकड राहते.

त्यावर तेल लावायचं तर सुकणारं तेल लावा. जवसाचं तेल हवेत घट्ट होतं, म्हणून ते या कामाचं. कच्चं जवस तेल सुकायला बरेच दिवस घेतं, तेवढा धीर धरा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बॉइल्ड तेलात लवकर सुकवणारी रसायनं मिसळलेली असतात, ते मी स्वयंपाकघरातल्या मुठीला लावत नाही. तेल अगदी पातळ लावा, अर्ध्या तासानं जेवढं पुसता येईल तेवढं पुसा, आणि मूठ हाताला कोरडी लागेपर्यंत दुसरा हात देऊ नका. जाड हात दिला की वर साय धरल्यासारखा गुळगुळीत थर बसतो आणि आपण सुरू केलं तिथेच परत येतो. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं सुकताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. ते दोरीवर मोकळं पसरून वाळवा.

कापडी मायकार्टाला तेल लावायचं नाही. १२० किंवा २२० नंबरच्या वॉटर पेपरनं चमक काढा आणि तसंच सोडा. उघडे झालेले सुती धागे ओले झाल्यावर हाताला जास्तच चिकटून राहतात. ओल्या कामासाठी मला हीच मूठ सगळ्यात आवडते. तिच्यावर पुन्हा चमक आली, आणि वापरानं ती येतेच, की त्याच पेपरनं पाच मिनिटं घासलं की झालं. जी-टेन घासून मॅट होते, पण तिची पकड फार वाढत नाही. तिला खाचाच हव्यात, किंवा सँडब्लास्टिंग, म्हणजे जोराच्या हवेनं वाळूचा मारा. फाउंड्री किंवा पावडर कोटिंगच्या वर्कशॉपमध्ये हे करून मिळतं. पण पातं आणि रिव्हेट जाड टेपनं पूर्ण झाकून द्या, नाहीतर वाळू पात्याचीही चमक घेऊन जाईल.

सांबरशिंगाच्या जुन्या मुठी अधूनमधून कुणीतरी घेऊन येतं. नैसर्गिक खडबडीतपणामुळे त्यांची पकड सुंदर असते यात शंका नाही. पण सांबर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या शिंगांचा व्यापार बेकायदा आहे. म्हणून नवीन मुठीसाठी कुणी शिंग देऊ केलं तर घेऊ नका. म्हशीच्या शिंगाची मूठ चालते, तिला खाचा पाडता येतात. घासताना वास फार येतो एवढंच.

खाचा हाच माझ्या मते या दुखण्यावरचा खरा इलाज आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. पेपरचा ओरखडा आठवड्यांत बुजतो, खाच वर्षानुवर्षं राहते, कारण तिची खोली झिजेच्या पलीकडची असते. प्रश्न हा की कुठली खाच.

बंदुकीच्या दस्त्यावर असतात तशी बारीक चौकटींची नक्षी मी आधी करून बघितली. तिधारी कानशीनं दोन मिलिमीटरवर तिरप्या रेघा, मग उलट्या तिरप्या. पकड अप्रतिम आली. पण ती सुरी महिन्याभरानं परत आली तेव्हा प्रत्येक खाचेत काळपट मळ होता आणि माशाचा वास मुठीतच मुरला होता. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोकदार तळाच्या खाचेत ब्रशचे केस पोचत नाहीत. शिकारीच्या किंवा रानात वापरायच्या चाकूला ती नक्षी ठीक आहे, अन्नाच्या सुरीला नाही. शिवाय रोज तास-तासभर कापणाऱ्या हाताला त्या चौकटी टोचतात, फोड येतात.

स्वयंपाकघरासाठी मी आता रुंद, उथळ आणि गोल तळाच्या खाचा करतो, त्याही मोजक्या. मुठीवर कागदी टेप गुंडाळतो आणि काकूंच्या हातात सुरी देऊन, पातं बांधलेलंच ठेवून, बोटं कुठे येतात ते पेन्सिलीनं टेपवर काढून घेतो. प्रत्येक हात वेगळा असतो, त्यामुळे ही पायरी गाळू नका. मग मधल्या बोटाखाली, अनामिकेखाली आणि करंगळीखाली मुठीच्या पोटावर प्रत्येकी दोन खाचा, आणि दोन्ही कुशींवर तीन-तीन किंचित तिरप्या. चार मिलिमीटर व्यासाची गोल कानस घेतो. पहिले दोन-तीन झटके पुढच्या दिशेनंच आणि अगदी हलके, नाहीतर कानस घसरून टेपबाहेर ओरखडा पडतो. खोली पाऊण ते एक मिलिमीटर. दोन खाचांमध्ये सहा मिलिमीटर अंतर. रिव्हेटपासून निदान पाच मिलिमीटर दूर. रिव्हेटला लागून खाच आली तर तिथून पाणी आत शिरतं आणि टँगच्या, म्हणजे पात्याच्या मुठीत गेलेल्या भागाच्या लोखंडाला गंज चढतो, जो बाहेरून दिसत नाही.

खाच पडली की २२० चा पेपर पेन्सिलीला गुंडाळून तळ साफ करतो आणि दोन्ही काठ फक्त एवढेच मोडतो की नख अडकेल पण टोचणार नाही. हा अंदाज हाताचा आहे, लिहून सांगता येत नाही. डोळे मिटून मूठ पंचवीस-तीस वेळा आवळून सोडा. कुठे बोचलं तर तिथेच पुन्हा पेपर फिरवा. अंगठा आणि तर्जनीच्या मधला बेचका जिथे टेकतो तिथे, म्हणजे मुठीच्या पाठीवर पुढच्या भागात, एकही खाच करू नका. त्या जागेची कातडी सगळ्यात आधी सोलवटते.

कुणाला हे सगळं करायला वेळ नसेल तर तात्पुरते उपाय आहेतच. सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून मुठीवर चढवणं हा आपल्याकडचा जुना उपाय, कोयत्यावर आणि हातोडीवर सर्रास दिसतो. पकड झटक्यात येते. पण ट्यूबखाली पाणी साठतं, लाकूड काळं पडतं आणि वास येतो. मासे-मटणाच्या सुरीला मी तो सुचवत नाही, बागकामाच्या सुरीला चालेल. बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप तशीच, आठवड्याला बदलणार असाल तर ठीक. सुतळी किंवा दोरी गुंडाळण्याची पद्धतही जुनी आहे. जपानी तलवारीच्या मुठीवर दोरीखाली पाकटाच्या जातीतल्या माशाची खडबडीत कातडी बसवतात, म्हणजे दोरी जागची हलत नाही आणि पकडही मिळते. आमच्या मिरकरवाडा बंदरावर पाकट उतरतं तेव्हा तिची पाठ बघून मला ते आठवतं. पण गुंडाळलेली दोरी रक्त आणि चरबी शोषते, त्यामुळे स्वयंपाकघरात तिची जागा नाही.

एवढं करूनही पकड पुन्हा गेली तर काय बघायचं? खाच नखानं खरवडून बघा. नखाला मऊ मेण लागलं तर ती चरबी आहे. साबण आणि ब्रश, आणि गरज पडली तर खाण्याच्या सोड्याची पातळ लापशी लावून पुन्हा ब्रश. नखाला काही लागलं नाही आणि खाचांमधला भाग चमकतो आहे, तर तो हातानं घोटला गेला आहे. तेवढ्याच भागावर पाणी लावलेला २२० चा पेपर आडवा फिरवा, मुठीच्या लांबीच्या दिशेनं नको. हात पुढेमागे सरकतो, म्हणून ओरखडे त्याला आडवे असले तर जास्त काम करतात. बऱ्याच जणांची ही एकच चूक असते. लाकडाच्या रेषेबरोबर घासायचं हे सुतारकामातलं शिकलेलं असतं आणि ते मुठीवर उलटं पडतं. मूठ चिकट आणि निसरडी दोन्ही एकाच वेळी लागत असेल तर वर न सुकलेलं तेल आहे. ते डिनेचर्ड स्पिरिटच्या फडक्यानं उघड्या हवेत, ज्योतीपासून लांब पुसा आणि आठवडाभर मूठ तशीच राहू द्या.

हातमोजे घालून कापणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो. नायट्राइलचा पातळ मोजा ओल्या चकचकीत मुठीवर उघड्या हातापेक्षा कधी बरा तर कधी वाईट वागतो, मोज्याच्या बोटांवर खडबडीत छाप आहे की नाही यावर ते असतं. चाचणी मोजा घालूनच करा.

काकूंची सुरी मी मार्चमध्ये करून दिली. खाचा, २२० ची मूठ, जवसाचे दोन पातळ हात आणि खोबरेल बंद. जूनमध्ये त्यांनी धारेला आणली तेव्हा मी न विचारताच मूठ धुऊन, साबणाचा हात करून टेपची चाचणी घेतली. बोट टेपच्या अलीकडेच राहिलं. करंगळीखालची मागची खाच मात्र त्यांना टोचत होती, तिथे कातडी लाल झाली होती. त्या खाचेचा मागचा काठ मी आणखी मोडला, पाच मिनिटांचं काम. त्यानंतर सप्टेंबरमध्ये तारली आली. पहिल्या दिवशी काकूंनी चार किलो तारली साफ केली आणि संध्याकाळी वाटीभर तिखलं घेऊन आल्या. सुरी सोबत आणली नव्हती.